साडीच्या खोक्यावरचा कीबोर्ड

म्हात्रेबाई,

परवा तुमच्या शोकसभेत लोक हसले. दोष माझा.

टेबलावर हार घातलेला तुमचा फोटो, उदबत्ती, समोर शाळेतले सगळे सतरंजीवर मांडी घालून बसलेले, आणि मी बोलायला उभा राहिलो तर मागच्या रांगेत खुसखुस सुरू. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. दामले उभे राहिले की काहीतरी फजिती ऐकायला मिळणार, ही सवय मीच लावून ठेवली आहे त्यांना. त्या दिवशी मात्र मला ती नको होती. काय झालं ते सांगतोच, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही. तुम्हाला कळेल, बाकीच्यांना नाही, आणि हे आता बाकीच्यांनीही वाचायचं आहे.

माझ्या फजित्या तुम्हाला पाठ होत्या. स्लाइड प्रोजेक्टरमध्ये स्लाइडा उलट्या घालून मी नववी 'ब'ला पाऊण तास सह्याद्री शिकवला होता. एका मुलीने विचारलं, "सर, नद्या वर का चालल्यात?" मी म्हणालो, "भरती आहे." त्याच प्रोजेक्टरचा तापलेला बल्ब मी ओल्या फडक्याने पुसला, तो फटकन फुटला आणि मला नोकरीतला पहिला मेमो मिळाला. हे सगळं मी चहाच्या वेळी, सहलीच्या बसमध्ये, लोकांच्या निरोपसमारंभात तिखटमीठ लावून सांगत आलो. लोकांना वाटतं, हा माणूस काही झाकत नाही. एक गोष्ट नीट झाकायची असेल तर बाकीच्या शंभर उघड्यावर मांडाव्या लागतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप जमलं.

ती एक गोष्ट ही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आपल्या शाळेत संगणक आला, टेम्पोतून, थर्माकोलमध्ये बसून. हेडमास्तरांनी खोक्याला नमस्कार केला आणि खोकं कपाटात घालून किल्ली खिशात टाकली. जिल्ह्याच्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय हात लावायचा नाही. साहेबांनी दिवस दिला तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा शेवटचा. म्हणजे पनवेल-उरणकडचे चाळीस शिक्षक पंधरा दिवस संगणक शिकणार, आणि संगणक पंधराव्या दिवशी फीत कापून कपाटाबाहेर येणार. यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. तुम्हाला वाटलं, कारण शिकवायचं तुम्हाला होतं.

तुम्ही आदल्या मे महिन्यात पुण्याला दहा दिवस जाऊन आला होतात. आठ जणांत एक मशीन, तुमच्या वाट्याला रोजची दहा मिनिटं. तेवढ्या भांडवलावर तुम्ही चाळीस जणांना शिकवायला निघाला होतात. तुमच्या हाताखाली मदतनीस म्हणून मला दिलं होतं, कारण मी प्रोबेशनवर होतो आणि नाही म्हणू शकत नव्हतो.

"मशीन नाही तर शिकवणार कशावर?" मी विचारलं.

"पुठ्ठ्यावर," तुम्ही म्हणालात. "तुम्ही पोहायला कसे शिकलात? आमच्या मिठागराच्या बांधावर बाप पहिले चार दिवस कोरड्यात हात मारायला लावायचा."

गावातल्या कापडाच्या दुकानांतून आपण साड्यांची रिकामी खोकी गोळा केली. कीबोर्डची आकृती स्टेन्सिलवर काढायची, सायक्लोस्टाईलवर चाळीस प्रती छापायच्या आणि एकेक प्रत खोक्याच्या झाकणावर डकवायची. माझं अक्षर चांगलं, म्हणून आकृती आणि तिच्याखाली 'नाव', 'शाळा' लिहिणं माझ्याकडे. माझ्यात तेवढंच चांगलं होतं, खरं तर.

हेडमास्तर जेवायला गेले असताना शिपायाच्या हातापाया पडून, त्याच्याजवळच्या दुसऱ्या किल्लीने मी ते कपाट पाच मिनिटं उघडून घेतलं. खोक्यातून कीबोर्ड अर्धा बाहेर काढला. जवळ कागद नव्हता. खिशात एसटीची तिकिटं होती. एका तिकिटाच्या पाठीवर एक ओळ, अशा अक्षरांच्या तीन ओळी मी तीन तिकिटांवर उतरवल्या आणि विजयी वीरासारखा घरी आलो. संध्याकाळी स्टेन्सिल घेऊन बसलो तर पहिली ओळ कुठली ते आठवत होतं. उरलेल्या दोन तिकिटांतलं मधलं कुठलं आणि खालचं कुठलं? थोडा वेळ बघितलं. मग जे तिकीट वर आलं ते मधे धरलं.

दुसऱ्या दिवशी छापलेली प्रत हातात घेऊन तुम्ही तिच्यावर बोटं टेकवून बघितलीत.

"सर, मला 'ए' मधल्या ओळीत आठवतो. डाव्या करंगळीखाली."

माझे हात कोपरापर्यंत शाईने काळे झाले होते. चाळीस प्रती दोरीवर वाळत होत्या. नवीन स्टेन्सिल मागायची तर कारण लेखी द्यायला लागायचं आणि कपाट पुन्हा उघडायचं म्हणजे आधी उघडलं होतं हे कबूल करायला लागायचं. मी म्हणालो, "बाई, हे नवीन मॉडेल आहे. ओळी बदलल्यात त्यांनी."

तुम्ही प्रत परत दोरीवर टाकलीत. "तुम्ही उघडून बघितलंय. तुम्हालाच माहीत," म्हणालात आणि खळ कालवायला घेतलीत.

ते पंधरा दिवस मला अजून ऐकू येतात. चाळीस माणसं डोळे मिटून साडीच्या खोक्यांवर बोटं आपटताहेत, सुपात हरभरे पाखडल्यासारखा आवाज. दिवे गेले तरी तुमचा वर्ग बंद पडत नव्हता. "डोळे मिटा," तुम्ही म्हणायचात, "मशीन बघून भीती वाटते ना? मग बघूच नका." उरणजवळच्या करंज्याचे नाखवागुरुजी पहिल्या दिवशी हात मागे बांधून बसले होते.

"बाई, याला शॉक नाय ना?"

"पुठ्ठ्याला कुठला शॉक, गुरुजी? इथे बिनधास्त चुका. नंतर चुकायला लाज वाटेल."

तिसऱ्या दिवशी तेच गुरुजी सगळ्यांच्या पुढे होते. बसमध्ये मांडीवर खोकं घेऊन सराव करायचे. "आमची बाय ईचारते," ते सांगायचे, "मास्तर, रोज खोका आनताव नि रोज नेताव, साडी कुटं हाय?"

आणि आपली भांडणं. मी म्हणायचो, बाई, ज्या शाळेत खडू मागून घ्यावे लागतात तिथे हे कशाला? तुम्ही म्हणायचात, म्हणूनच. खडू कुलपात ठेवणारा माणूस उद्या मशीनही कुलपात ठेवेल आणि मास्तर ते आयुष्यभर लांबून बघेल. मास्तरचा हात आधी सैल झाला पाहिजे. भिणारा मास्तर पोरांना फक्त भ्यायला शिकवतो. मी म्हणायचो, हात सैल करून माझा बल्ब फुटला. तुम्ही म्हणायचात, फुटू दे, पण पुढच्या वेळी कोरडं फडकं घ्या. हे भांडण अर्ध्यावरच राहिलं. तुम्ही बरोबर होतात असं वाटायला लागलं होतं, पण तेही सांगायचं राहिलं.

मी स्वतः एक दिवसही सराव केला नाही. मदतनिसाला कशाला सराव? मी हजेरी घ्यायचो, फळ्यावर दिवसाचं वेळापत्रक लिहायचो आणि लोकांना हसवायचो. तुम्ही मात्र त्या चाळिसांबरोबर रोज स्वतःचं खोकं घेऊन बसायचात.

पंधरावा दिवस. साहेब आले. फीत कापली, नारळ फुटला, मॉनिटरला हळदकुंकू लागलं. साहेब खुशीत होते. म्हणाले, "चला, कोणी तरी आपल्या पनवेलचं नाव लिहून दाखवा." तुम्ही नाखवागुरुजींकडे बघितलंत. गुरुजी पुढे आले, खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले आणि एका दमात पनवेल लिहिलं. पडद्यावर पहिला 'पी' बरोबर आला. पुढे झेड, एच, एफ अशी काहीतरी जत्रा भरली आणि शेवटी एक टिंब.

गुरुजींनी डोळे उघडले. पडद्याकडे बघितलं, मग आपल्या बोटांकडे.

साहेबांनी दुसऱ्याला बसवलं. तिसऱ्याला. प्रत्येकाने डोळे मिटून, न अडखळता, तेच्या तेच चुकीचं लिहिलं. एकही जण वेगळा चुकला नाही. बाई, मी नंतर बरीच प्रशिक्षणं बघितली. जेवण झाल्यावर लोक पेंगतात आणि शेवटी सर्टिफिकेट घेऊन जातात. चाळीस माणसांच्या बोटांत इतकं पक्कं शिकवलेलं मी पुन्हा कुठे बघितलं नाही. तुम्ही त्यांना उत्तम शिकवलं होतंत. फक्त माझं शिकवलं होतंत.

"ही आकृती कोणी काढली?" साहेबांनी विचारलं.

माझ्या तोंडात खोबरं होतं. प्रसादाचा तुकडा जरा मोठा निघाला होता. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की तोंडात खोबरं होतं, गिळेपर्यंत वेळ गेला. खोबऱ्याचा तुकडा चावायला किती वेळ लागतो? तुम्ही तेवढाही घेतला नाहीत.

"मी काढली," तुम्ही म्हणालात.

माझी कायम होण्याची फाईल त्याच साहेबांच्या टेबलावर होती. त्यात एक मेमो आधीच होता. दुसरा लागला असता तर मी पुढच्या जूनमध्ये कुठेतरी क्लास घेत फिरत असतो. आणि तुमचं नाव जिल्ह्याच्या मुख्य प्रशिक्षकांत जायचं होतं. साहेबांनी चहा घेतानाच तसं बोलून दाखवलं होतं. निघताना ते तुम्हाला म्हणाले, "बाई, एवढी साधी गोष्ट तपासता येत नाही?" तुमचं नाव गेलं नाही. ज्या माणसाचं गेलं तो पुढे तीन वर्षं वहीतून वाचून संगणक शिकवत होता.

व्हरांड्यात मी तुमच्यासमोर उभा राहिलो. खोबरं तोवर गिळून झालं होतं. रागावलात की तुमची शाळेची भाषा सुटायची आणि गावची यायची.

"काय बोलू नका आता. तुमची ऑर्डर निघू दे आधी. मग बोलू."

पुढचे दोन दिवस मधल्या सुट्टीत तुम्ही चाळीस पोस्टकार्डं लिहिलीत. मजकूर तुम्ही लिहिलात, पत्ते मी. तुम्ही गठ्ठा पालथा घालून माझ्यासमोर ठेवलात आणि मी पत्त्याची बाजू भरत गेलो. मला वाटलं, यात माझं प्रायश्चित्त झालं. एकही कार्ड उलटून बघितलं नाही.

दोन महिन्यांनी ऑर्डर निघाली. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. तुम्ही पेढा घेतलात, अर्धा मोडून पुन्हा हातातच धरून बसलात आणि माझ्याकडे बघत राहिलात. मला कळलं होतं. मी म्हणालो, "बाई, घ्या ना, नवीन मॉडेलचे पेढे नाहीत हो." आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

पुढचं त्याहून वाईट. त्या वर्षीच्या सहलीत बसमध्ये लोकांनी आग्रह केला आणि मी तो किस्सा सांगितला. नाखवागुरुजी, मिटलेले डोळे, साहेबांचा चेहरा, सगळं. आकृती काढणारी व्यक्ती मात्र तुम्ही. कागदोपत्री तसंच होतं ना? बस हसून लोळली. तुम्हीही हसलात, जरा उशिरा. ज्याने आयुष्यभर स्वतःची टर उडवली त्याने एकच किस्सा दुसऱ्याच्या नावावर सांगितला, आणि तोच सगळ्यांत जास्त गाजला. दर वर्षी नव्या शिक्षकांसमोर त्याची फर्माईश व्हायची. एकदा, एकदाच, हात धुताना तुम्ही नळाशी म्हणालात, "सर, त्यात नवीन मॉडेलचं वाक्य टाकत नाय तुमी."

मी हसलो. तुम्ही हात पुसून वर्गावर गेलात.

हेडमास्तरांच्या मागे लागून लागून तुम्ही त्या मशीनची किल्ली मिळवलीत. मग संगणकाच्या खोलीत तुम्ही मुलांना घेऊन बसलेल्या असायच्यात आणि मी दारातून बघायचो. 'ए' लिहायचा असला की तुमची डावी करंगळी आधी खालच्या ओळीवर जायची, थबकायची, आणि मग वर यायची. बाकीची बोटं सुधारली, ती करंगळी शेवटपर्यंत सुधारली नाही. माझी चूक मी कागदावर केली होती. ती तुमच्या हातात जाऊन बसली. माझी बोटं मात्र कोरी राहिली, कारण मी सरावच केला नव्हता.

गेल्या महिन्यात नवीन पनवेलला तुमच्या घरी आलो तो ठरवून आलो होतो. एसटीत वाक्यं जुळवली होती. तुम्ही खिडकीजवळच्या पलंगावर होतात, इतक्या लहान दिसत होतात की मी आधी मागच्या भिंतीकडेच बघितलं. तुमच्या लेकीने चहा आणला आणि म्हणाली, "काका, तो खोक्याचा किस्सा सांगा ना. आईला आवडतो."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. तुमच्या लेकीसमोर खरं सांगता आलं असतं, त्यापेक्षा चांगली जागा नव्हती. मी किस्सा सांगितला. जुना. खोबऱ्याशिवायचा. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, त्या चाळिसांसारख्या. संपल्यावर लेक हसली. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत,

"मग?"

मी म्हणालो, "मग काय, बाई. संपलं."

तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर आपण बोललो नाही.

तर परवाची शोकसभा. मी उभा राहिलो, खुसखुस झाली, आणि मी तोच किस्सा सांगायला लागलो. पण खरा. तिकिटं, शाई, नवीन मॉडेल, खोबरं. मी म्हणालो, आकृती मी काढली होती आणि बाईंनी माझी नोकरी वाचवली. खोबऱ्याशी लोक हसले. तिकिटांशी त्याहून जास्त. मी बसलो तेव्हा आताच्या हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माईकवर म्हणाले, "दामलेसरांचं मन बघा. बाई गेल्यावर बाईंची चूकसुद्धा यांनी स्वतःच्या अंगावर घेतली." टाळ्या वाजल्या, बाई. शोकसभेत. माझ्यासाठी. इतकी वर्षं खोट्याला जेवढं हसले तेवढंच खऱ्याला हसले, आणि वर टाळ्या दिल्या.

मी फाटकाशी चपला शोधत होतो तेव्हा नाखवागुरुजी आले. निवृत्त झालेत, करंज्याहून दोन बस बदलून आले होते. ते हसले नव्हते, हे मी बसल्या जागेवरून बघितलं होतं.

"गुरुजी, मी आत बोललो ते खरं होतं," मी म्हणालो.

"मला म्हाईत हाय."

"बाईंनी सांगितलं?"

"बाई कशाला सांगतील?" त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं एक पोस्टकार्ड काढलं. "सर, पंधरा दिस फळ्यावर तुमचाच अक्षर बगत होतो आमी. पुठ्ठ्यावर 'नाव' नि 'शाळा' लिवलेला, तो पन तोच अक्षर. आमी चाळीस जन मास्तर. पोरांच्या वह्या तपासून डोळे गेले. आमाला अक्षर नाय कळनार?"

मी कार्ड घेतलं. एका बाजूला माझ्या सुंदर अक्षरात त्यांचा पत्ता. नऊ वर्षांनी मी ते उलटून बघितलं.

"मधली ओळ खाली आणि खालची मधे, असे समजून सराव पुन्हा करावा. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. अक्षर ओळखले असेल, तरी त्याविषयी कोठे बोलू नये. त्यांची ऑर्डर यायची आहे. आली की ते स्वतःच सांगतील."

चाळीस कार्डं, बाई. चाळीस जणांना तुम्ही माझ्या वतीने शब्द दिला होतात, आणि त्या प्रत्येकावर पत्ता मी माझ्या हाताने घातला होता. सहलीत, मेळाव्यांत, निरोपसमारंभांत मी तो किस्सा रंगवत होतो तेव्हा समोर त्यांतले कुणी ना कुणी बसलेले असायचे. ते वाट बघत होते. तुम्हीही.

"आमी म्हनायचो, या वर्साला सांगतील," गुरुजी म्हणाले. त्यांनी कार्ड माझ्या हातातून परत घेतलं, पिशवीत घातलं, पिशवी खिशात. मला ठेवायला दिलं नाही.

म्हणून हे लिहून काढलं आहे. शाळेच्या वार्षिकात छापतील, नाही छापलं तर चाळीस प्रती काढीन. पत्ते माझ्याजवळ अजून आहेत. या वेळी मजकूरही माझाच.

ऑर्डर निघाली, बाई. नवीन मॉडेलचं वाक्य टाकलं आहे, बघा. तुम्ही विचारलं होतंत, मग? मग हे.